दीड लाखाची स्टेम सेल थेरपी हिरड्यांसाठी करू का?

सिंहगड रोडच्या एका ताईंचं मोठं पत्र आलंय. नाव अर्थातच देत नाही, मुद्द्याचं तेवढं इथे टाकते.

"डॉक्टर, मी ५७ वर्षांची. बरीच वर्षं ब्रश करताना रक्त यायचं, मीठ-हळद लावून दिवस काढले. आता खालचे पुढचे दोन दात हलतात आणि उजवीकडची वरची दाढ पण, बाकरवडी सोडाच, भाकरीचा कडक पापुद्रा चावताना पण जीव जातो. शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. एका क्लिनिकमध्ये मोठा एक्स-रे काढला, पायोरिया आहे म्हणाले, हाड झिजलंय, आमच्याकडे स्टेम सेल थेरपी आहे, चार सिटिंगमध्ये हाड भरून येईल आणि दात घट्ट होतील. एक लाख ६० हजार, या महिन्यात बुक केलं तर २० टक्के कमी. मिस्टर म्हणतात निव्वळ लुबाडणूक आहे. मुलगा म्हणतो जग कुठे चाललंय बघ, आई तू कर, पैसे मी देतो. नातीचा दुधाचा दात हलतोय, तोही बँकेत ठेवा, पुढे उपयोगी पडेल असं तिथेच सांगितलं. क्लिनिंग मी आजवर केलेलं नाही, आमच्या सासूबाईंचे क्लिनिंगनंतर सगळे दात हलायला लागले होते. काय करू?"

ताई, बुकिंग करू नका. सूट या महिन्यात संपत असेल तर संपू दे. पण म्हणून हातावर हात ठेवून बसा असंही म्हणत नाहीये मी, तुमच्याकडे करण्यासारखं बरंच आहे आणि ते याच आठवड्यात सुरू करा, फक्त त्याची जाहिरात कोणी करत नाही एवढंच.

घरात जो वाद चाललाय ना, तो वाचताना मला वाटलं की मिस्टर आणि चिरंजीव दोन वेगळ्याच गोष्टींवर भांडतायत. मुलगा बोलतोय संशोधनाबद्दल, आणि ते खरं आहे, त्यात बोगस काही नाही. मिस्टर बोलतायत त्या क्लिनिकबद्दल. मधला प्रश्न कोणी विचारलाच नाही, की अहो डॉक्टर, माझ्या हिरडीत तुम्ही नक्की घालणार काय आहात? तुमच्या एवढ्या मोठ्या पत्रात सिटिंग किती, पैसे किती, सूट किती सगळं आहे, पण सिरिंजमध्ये काय, ते कुठून येणार, कोणी बनवलं, याबद्दल एक ओळ नाही. म्हणजे तुम्हाला सांगितलंच गेलं नसणार.

आधी मुलाची बाजू. दाताच्या आत जो मऊ गर असतो, रूट कॅनलमध्ये काढून टाकतात तो, त्यात स्टेम सेल, म्हणजे ज्यांच्यापासून नव्या पेशी तयार होऊ शकतात अशा मूळ पेशी, असतात हे २००० साली अमेरिकेतल्या एनआयएच या सरकारी संस्थेतल्या संशोधकांनी दाखवलं. २००३ मध्ये तिथेच दुधाच्या दातातही सापडल्या, आणि २००४ मध्ये आपल्या कामाची गोष्ट झाली, दात आणि हाड यांना बांधून ठेवणारा जो पातळ पडदा असतो, पेरिओडॉन्टल लिगामेंट, त्यातही स्टेम सेल मिळाल्या. या लिगामेंटवाल्या पेशींचं आम्हा हिरडीवाल्या डॉक्टरांना एवढं कौतुक का, तर या आजारात आपल्याला नुसतं हाड नको असतं. हाड हवं, मुळावरचा सिमेंटमचा थर हवा, आणि दोघांमधले ते धागे हवेत, तेही योग्य दिशेने विणलेले, तेव्हा कुठे दात खरा घट्ट होतो. या पेशींनी प्राण्यांमध्ये हे तिन्ही थोडंफार करून दाखवलं, म्हणून सगळ्यांच्या आशा वाढल्या.

मग माणसांवर. चीनमध्ये शिआनला एक नीट ट्रायल झाली, २०१६ मध्ये छापून आली. ३० पेशंट, त्यांच्याच अक्कलदाढा वगैरे काढून त्यांच्या लिगामेंटमधल्या पेशी लॅबमध्ये वाढवल्या, त्यांचे पापुद्रे केले आणि हाडाच्या पावडरीत मिसळून हाडाच्या खड्ड्यात ठेवले. दुसऱ्या गटाला तेच ऑपरेशन, तीच पावडर, फक्त पेशी नाहीत. वर्षभराने पाहिलं तर हाड दोन्हीकडे वाढलं होतं, दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. सुरक्षित आहे हे कळलं, पेशींमुळे जास्त फायदा होतो हे काही दिसलं नाही. टोकियोत २०१८ मध्ये असंच काम छापून आलं, पेशींचे तीन थरांचे पापुद्रे, रिझल्ट छान होते, पण पेशंट १० आणि तुलनेला दुसरा गटच नाही, त्यामुळे श्रेय पेशींचं की ऑपरेशनचं हे कसं ठरवणार. २०२५ मध्ये पुन्हा चीनमधूनच मोठी ट्रायल आली, दीडशेच्या आतच पेशंट, पण या क्षेत्रात तेही मोठंच. यात दुसऱ्या माणसाच्या दाताच्या गरातल्या पेशी हिरडीत इंजेक्शनने दिल्या, ऑपरेशन नाही, काही नाही. ज्यांचं हाड बऱ्यापैकी गेलं होतं त्यांच्यात सलाइनच्या इंजेक्शनपेक्षा फायदा जास्त दिसला. किती जास्त, तर हिरडीच्या मोजमापात अर्धा-पाऊण मिलिमीटर. आणि नुसतं सलाइन टोचलेल्यांच्यातही सरासरी एक मिलिमीटरच्या आसपास सुधारणा होतीच. मला स्वतःला ही ट्रायल आवडली, इंजेक्शनने भागलं तर उद्या खरंच चित्र बदलू शकतं, पण यातून "हाड परत भरून येईल आणि दात घट्ट होतील" हे वाक्य काढणं म्हणजे अजून लग्न ठरलेलं नाही आणि बारशाची पत्रिका छापायची.

शिआनला आणि टोकियोला पेशी घालण्याआधी सगळ्यांचं ते तुमचं नावडतं क्लिनिंग नीट करून घेतलेलं होतं. तुमच्या क्लिनिकने त्याचं नावही काढलेलं दिसत नाही. इथेच मला पहिली शंका आली.

कारण हा आजार होतो कसा बघा. दातावर जिवाणूंचा थर बसतो, तो साफ झाला नाही की हिरडीच्या खाली उतरतो, काही दिवसांत कडक होऊन कीटण होतं आणि त्यावर नवा थर. शरीर त्याच्याशी लढायला पांढऱ्या पेशी पाठवतं, पण कीटण काही हटत नाही, त्यामुळे ही लढाई वर्षानुवर्षं चालूच राहते आणि त्यातून जी रसायनं निघतात ती हाड विरघळवणाऱ्या पेशींना कामाला लावतात. हाड संपतं ते मुख्यतः आपल्याच शरीराच्या या न थांबणाऱ्या सुजेमुळे. शुगर वाढलेली असली की ही सूज अजून भडकते. आता अशा सुजलेल्या, पू असलेल्या, कीटणाने भरलेल्या जागेत तुम्ही कितीही महागाच्या पेशी सोडल्यात तरी त्या तिथे काय करणार? लॅबमध्ये पण दिसलंय की सुजेच्या वातावरणात याच स्टेम सेलची हाड बनवायची ताकद कमी होते.

दुसरी एक भानगड आहे ती आता जास्त विकली जाईल म्हणून सांगून ठेवते, एक्झोसोम. झालं असं की संशोधकांच्या लक्षात आलं की टोचलेल्या पेशी स्वतः हाड होतात असं फारसं दिसत नाही, बऱ्याचशा मरूनच जातात, पण जायच्या आधी आजूबाजूच्या पेशींना निरोप देऊन जातात, सूज आवरा, दुरुस्तीला लागा. हे निरोप बारीक पुड्यांमध्ये बांधलेले असतात, मिलिमीटरच्या दहा हजार भागांतला जेमतेम एक भाग एवढ्या बारीक, त्या पुड्या म्हणजे एक्झोसोम. मग पेशीच कशाला टोचायच्या, नुसते निरोप टोचू, असा विचार निघाला आणि उंदरांमध्ये हिरडीच्या आजारावर त्याचे चांगले रिझल्ट आलेत, मॅक्रोफेज नावाच्या चिडलेल्या पांढऱ्या पेशी शांत होतात वगैरे. कल्पना म्हणून मला ही पेशींपेक्षाही पटते, साठवायला सोपी, जिवंत काही नाही. पण उंदरांमध्ये. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांना मान्यता देणाऱ्या सरकारी संस्थेने, डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर इशारा दिला होता की एक्झोसोमचं एकही प्रॉडक्ट मान्यताप्राप्त नाही आणि नेब्रास्कामध्ये ते टोचून घेतलेल्या काही लोकांना गंभीर त्रास झालाय. आपल्याकडे तर फेशियलच्या दुकानापर्यंत हा शब्द पोचलाय, त्यामुळे "ताई, स्टेम सेल नको तर एक्झोसोम घ्या, स्वस्तात पडेल" असं कोणी म्हणालं तर तिथूनही उठायचं.

आता मिस्टरांची बाजू, म्हणजे कायद्याची. हे मात्र नीट वाचा आणि मुलालाही वाचायला द्या.

आपल्याकडे आयसीएमआर आणि डीबीटी या केंद्र सरकारच्या दोन संस्थांची स्टेम सेलवरची गाइडलाइन आहे, २०१७ ची. त्यात स्वच्छ म्हटलंय की रक्ताच्या काही आजारांमध्ये जे बोन मॅरो ट्रान्सप्लांट वगैरे करतात तेवढंच नेहमीची ट्रीटमेंट म्हणून चालतं, बाकी कशासाठीही स्टेम सेल द्यायच्या असतील तर फक्त मंजूर क्लिनिकल ट्रायलमध्ये. आणि ट्रायलमध्ये पेशंटकडून त्यासाठी पैसे घ्यायचे नाहीत. २०१९ चे औषधांचे जे नवे नियम आले त्यात स्टेम सेलपासून बनवलेलं प्रॉडक्ट हे "नवं औषध" धरलंय, म्हणजे केंद्राच्या औषध नियंत्रकांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, आणि ट्रायलमध्ये काही इजा झाली तर उपचार आणि भरपाई ट्रायल करणाऱ्याने द्यायची. अशी परवानगी आपल्याकडे मिळालेलीच नाही असं नाही हां, बंगळुरूच्या एका कंपनीच्या स्टेम्प्युसेलला मिळाली आहे, पण ती पायाच्या रक्तवाहिन्या बंद होण्याच्या आजारासाठी आणि गुडघ्यांसाठी. हिरड्यांसाठी नाही.

म्हणजे हिशोब सोपा आहे. तुम्हाला हिरडीत खऱ्या स्टेम सेल कोणी देत असेल तर ती ट्रायल असणार आणि फुकट असणार. तुमच्याकडून लाख-दीड लाख मागतायत याचा अर्थ एकतर ते स्टेम सेल नाहीच, किंवा आहे आणि ते देण्याची त्यांना परवानगी नाही. तिसरं काही मला तरी दिसत नाही.

माझा अंदाज पहिल्याचा आहे. बहुतेक तुम्हाला पीआरएफ करणार असतील. हे कसं असतं सांगते म्हणजे तिथे गेलात तर ओळखता येईल. तुमच्या हाताच्या शिरेतून थोडं रक्त काढतात, साध्या रक्ततपासणीला काढतात तसंच, ते छोट्या नळ्यांमध्ये घालून लगेच एका गरगर फिरणाऱ्या मशिनमध्ये ठेवतात. दहा-पंधरा मिनिटांत खाली लाल रक्त बसतं आणि वर पिवळसर, लिबलिबीत जेलीसारखी गुठळी तयार होते. ती चिमट्याने उचलून दाबून पापुद्रा करतात आणि हिरडी उघडून हाडाच्या खड्ड्यात ठेवतात, कधी हाडाच्या पावडरीत मिसळून. फ्रान्समधल्या शुकरून नावाच्या डॉक्टरांनी २००१ च्या सुमारास हे आणलं. हे चांगलं आहे, मी स्वतः करते, ठरावीक आकाराच्या खड्ड्यांमध्ये नुसत्या ऑपरेशनपेक्षा जास्त फायदा होतो असे बरेच अभ्यास आहेत. पण त्यात प्लेटलेट असतात, पांढऱ्या पेशी असतात, फायब्रिनचं जाळं असतं. त्याला स्टेम सेल थेरपी म्हणून विकणं ही बनवाबनवी आहे, आणि त्याचा कच्चा माल म्हणजे तुमचंच रक्त आणि एक काचेची नळी, त्यामुळे दीड लाखाला तर नक्कीच काही अर्थ नाही.

उलट खऱ्या स्टेम सेलचं लफडं किती मोठं असतं. आपल्या गणेशखिंडीला विद्यापीठाच्या आवारात एनसीसीएस आहे ना, पेशींवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था, तशा ठिकाणी पेशी वाढवतात म्हणजे निर्जंतुक खोली, ३७ डिग्रीचा इन्क्युबेटर, ठरावीक कार्बन डायऑक्साइड, दर काही दिवसांनी खाद्य बदलायचं, जंतू शिरले का तपासत राहायचं, साठवायच्या तर द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ डिग्रीला. दातातून काढलेल्या मूठभर पेशी उपयोगाला येण्याइतक्या वाढायला काही आठवडे जातात. दवाखान्याच्या मागच्या खोलीत, पेशंट खुर्चीवर बसलेला असताना, हे होत नाही. लगेच मिळणारा एक प्रकार म्हणजे कंबरेच्या हाडातून जाड सुईने मॅरो काढून तो दाट करून वापरणं, पण तसं काही करणार असते तर ते ऐकलेलं तुमच्या लक्षात राहिलं असतं.

तर त्यांना फोन करून, किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलंत तर अजून बरं कारण उत्तर लेखी मिळतं, विचारा की या पेशी माझ्या की दुसऱ्याच्या, शरीरातल्या कुठल्या भागातून घेणार, कुठल्या लॅबमध्ये वाढवणार, औषध नियंत्रकांची परवानगी कुठाय, आणि ट्रायल असेल तर सीटीआरआयचा नंबर द्या. सीटीआरआय म्हणजे सरकारची वेबसाइट, २००९ पासून आपल्याकडच्या प्रत्येक क्लिनिकल ट्रायलची तिथे नोंद करावीच लागते आणि कोणालाही फुकट बघता येते, मुलगा पाच मिनिटांत शोधेल. ट्रायल कुठे चालू आहे, कोण पेशंट घेतायत, एथिक्स कमिटीने कधी मान्यता दिली, सगळं तिथे असतं. पावतीवर "स्टेम सेल" असं लिहून द्याल का हेही विचारा, माझ्या मते इथेच आवाज बदलेल. एक मात्र सांगते, नोंद दिसली म्हणजे लगेच मान डोलवायची नाही, नोंद झाली याचा अर्थ ट्रायल जाहीर केली एवढाच, उपचार सिद्ध झाला असा नाही.

आता तुमचे दात. तुम्ही पाठवलेल्या फोटोवर मी काही ठरवणार नाही, पण दोन गोष्टी समजून घ्या म्हणजे समोरचा डॉक्टर काय बोलतोय ते कळेल.

पहिली, तुमच्या हिरड्या कोणी मोजल्यात का? मोठा एक्स-रे म्हणजे ओपीजी, तो ढोबळ असतो. हिरडीच्या आजाराचं निदान होतं ते प्रोबने, एक बारीक, मिलिमीटरच्या खुणा असलेली बोथट काडी. ती दात आणि हिरडीच्या मधल्या फटीत हलकेच सरकवतात आणि प्रत्येक दाताला सहा ठिकाणी मोजतात, डॉक्टर आकडे म्हणत जातात, तीन, दोन, पाच, असिस्टंट लिहीत जाते. तीनपर्यंत ठीक, चारपासून पुढे पॉकेट, सहा-सात असेल तर आतपर्यंत ब्रश काय, आमचं हत्यार पण डोळे मिटून चालवावं लागतं. काडी बाहेर आल्यावर रक्त आलं का तेही लिहितात. हा तक्ता झालेला नसेल तर कुठलीही ट्रीटमेंट, स्वस्त असो की महाग, अंदाजपंचे आहे. त्याबरोबर हलणाऱ्या दातांचे छोटे एक्स-रे.

दुसरी, हाड कसं गेलंय. समजा रस्त्यात एका ठिकाणी खड्डा पडलाय, तीन बाजूंनी भिंती शाबूत आहेत, तर त्यात खडी-डांबर भरता येतं आणि ते टिकतं. पण अख्खा रस्ताच एका पातळीत चार इंच खचला तर भर टाकणार कशाच्या आधाराने, ती वाहूनच जाणार. हाडाचं तंतोतंत तसंच आहे. पीआरएफ असो, बोन ग्राफ्ट म्हणजे ती हाडाची पावडर असो, मेम्ब्रेन म्हणजे वरून झाकायचा पडदा असो, वर सांगितलेल्या त्या शिआनच्या पेशी असोत, हे सगळं वापरतात खड्ड्यासाठी. सगळीकडून सारखं खाली गेलेलं हाड परत वर आणण्याचा भरवशाचा उपाय आज जगात कोणाकडे नाही. आणि तुमच्या वयात, इतकी वर्षं क्लिनिंग न करता, खालच्या पुढच्या दातांचं हाड बहुतेक वेळा असंच सारखं खाली गेलेलं असतं. तुमचं तसं आहे की नाही ते छोटा एक्स-रे सांगेल, पण चारही सिटिंगचे पैसे घ्यायच्या आधी त्यांनी हे तुम्हाला दाखवायला हवं होतं.

खड्डा असेलच, तर बोन ग्राफ्ट हा जुना, माहितीतला मार्ग आहे. जाता जाता, घरात शाकाहाराचं कडक असेल तर पावडर कशाची आहे ते विचारून घ्या. काही गाईबैलांच्या हाडापासून बनतात, काही पूर्ण कृत्रिम, काही माणसाच्या दान केलेल्या हाडाच्या, मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या टिश्यू बँकेतून येतात त्या. आणि एक प्रसिद्ध जेल आहे ते डुकराच्या पिल्लांच्या उगवत्या दातांतून काढतात. आधी विचारलं तर डॉक्टर पर्याय देतात, नंतर कळलं की मग जेवण जात नाही.

आता सासूबाईंचं क्लिनिंग. हे मला दर आठवड्याला ऐकायला मिळतं, त्यामुळे चिडत नाही, पण ताई, तुमचं सगळं नुकसान या एका समजुतीने केलंय. हाड आधीच गेलेलं असतं. दातांच्या मधे आणि मागे कीटणाची एक सलग भिंत झालेली असते, तिने ते दात एकमेकांना धरून ठेवलेले असतात. ती भिंत काढली की दात किती हलतोय ते खरं कळतं, सूज उतरते, हिरडी आवळून खाली जाते, दात लांब दिसतात, फटी दिसतात, गार पाणी झोंबतं. पेशंटला वाटतं डॉक्टरने दात सुटे केले. केले आजाराने. उलट सूज गेल्यावर पुढच्या काही आठवड्यांत बरेच दात आधीपेक्षा थोडे घट्ट होतात.

म्हणून तुमचा क्रम असा ठेवा. हिरड्यांचे स्पेशालिस्ट, पाटीवर पेरिओडॉन्टिस्ट लिहिलेलं असतं, ते गाठा. पैशाचा प्रश्न असेल किंवा दुसरं मत हवं असेल तर पुण्यात डेंटल कॉलेजं आहेतच, धनकवडीला भारती विद्यापीठ आणि वडगावला सिंहगडचं तुम्हाला जवळ पडेल, कॅम्पात रंगूनवाला, पिंपरीला डी. वाय. पाटील, प्रत्येक ठिकाणी पेरिओडॉन्टॉलॉजीचा वेगळा विभाग असतो. वेळ जास्त लागतो, शिकणारी मुलं करतात, पण वर सर-मॅडम तपासायला असतात, आणि तक्ता भरण्यात ही मुलं खाजगीवाल्यांपेक्षा जास्त काटेकोर असतात, मार्क असतात ना त्यावर. तिथे तक्ता, छोटे एक्स-रे, मग भूल देऊन हिरडीखालचं डीप क्लिनिंग, दोन-तीन वेळा जावं लागेल. मग दीडदोन महिने थांबून पुन्हा मोजायचं, यात घाई करून उपयोग नाही, हिरडीला बरं व्हायला तेवढा वेळ द्यावाच लागतो. तेव्हा जिथे अजून खोल पॉकेट आणि रक्त असेल तिथेच ऑपरेशनचा आणि त्या खड्डे भरण्याचा विचार. खालचे दोन दात जास्त हलत असतील तर मागून तार किंवा फायबर लावून शेजारच्यांना बांधतात, चावायला लगेच बरं वाटतं. वरच्या दाढेचं मी काही वचन देणार नाही, वरच्या दाढांना तीन मुळं असतात आणि त्या मुळांच्या मधलं हाड गेलं असेल तर कधी कधी ती काढणंच शहाणपणाचं ठरतं. आणि हे झाल्यावर दर तीन महिन्यांनी दाखवायला जायचं, कायमचं, कारण जिवाणू साधारण तेवढ्यात पॉकेटमध्ये परत ठाण मांडतात. हे कोणाला आवडत नाही, पण दात टिकतात ते यानेच.

घरी मीठ-हळद बंद करा, वाईट काही नाही त्यात पण कीटणाला त्याने ढिम्म होत नाही. मऊ ब्रश, हिरडीच्या कडेला तिरका धरून. आणि मुख्य म्हणजे इंटरडेंटल ब्रश, बाटली धुवायच्या ब्रशची काडीएवढी आवृत्ती, मेडिकलमध्ये मिळतो, दातांच्या फटींत रात्री एकदा फिरवायचा. आकार डॉक्टरकडून बघून घ्या. पहिले आठ-दहा दिवस रक्त येईल, थांबू नका, नेमक्या त्याच फटीत त्याची गरज आहे. पत्रात तुम्ही लिहिलं नाही पण विचारते, मिसरी लावता का, किंवा पूर्वी लावायचात का? लावत असाल तर आधी ती सोडा, तंबाखू चालू असताना हिरडी नीट भरून येत नाही.

शुगरचं तर दोन्हीकडून आहे. शुगर वर असली की हिरडी बरी होत नाही, आणि हिरडीची सूज शुगर खाली येऊ देत नाही. हिरड्यांची नीट ट्रीटमेंट केल्यावर तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी तपासणी, सरासरी ०.४ टक्क्यांच्या आसपास खाली येतं असं बऱ्याच ट्रायल एकत्र करून दिसलंय. साधं क्लिनिंग हे देतं आणि त्याबद्दल कोणी व्हॉट्सअ‍ॅपवर फॉरवर्ड पाठवत नाही!

नातीचा दात बँकेत ठेवायचा नाही. त्याच २०१७ च्या गाइडलाइनमध्ये आहे की आपल्याकडे नाळेच्या रक्ताशिवाय दुसऱ्या कशाचीही अशी व्यावसायिक बँक चालवायला मान्यता नाही, दात त्यात आलाच. आणि उद्या कधी दाताच्या पेशींचा उपचार आलाच तर त्या चिनी ट्रायलमध्ये पाहिलंत, पेशी दुसऱ्या माणसाच्या चालल्या. ते पैसे नातीच्या नावाने ठेवा किंवा तिला वर्षातून एकदा डेंटिस्टकडे न्या.

मुलाला सांगा, पैसे द्यायचेच आहेत तर या सगळ्या ट्रीटमेंटचे दे, त्या दीड लाखात खाजगीतही बहुतेक सगळं बसून वर उरेल.

आणि पहिल्या दिवशी जाताना सकाळची वेळ घ्या, नाश्ता करून आणि शुगरची गोळी नेहमीसारखी घेऊन जा, भूल देणार म्हणून उपाशी जाऊ नका. ओपीजीची फिल्म आणि शेवटचा एचबीएवनसीचा रिपोर्ट बरोबर ठेवा. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती मनाने बंद करू नका, नाव लिहून न्या आणि खुर्चीत बसायच्या आधी सांगा.